खेळले त्रेसष्ट, जिंकले एक

सोळा वर्षांखालच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाची कामगिरी एका ओळीत मावायची. खेळले त्रेसष्ट, जिंकले एक, बरोबरीत नऊ, हरले त्रेपन्न. केलेले गोल बावीस, खाल्लेले दोनशे अकरा. महासंघाच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून असलेल्या खोलीत, कापडी पाठीच्या रजिस्टरात ही ओळ लिहिलेली होती. ती लिहिणाऱ्या बाईला सगळे मनगटबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती.

संघात येऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलाच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात. वाढत्या मुलाच्या मनगटाच्या हाडांत फटी असतात, वय वाढेल तशा त्या बुजत जातात. त्या बघून इस्पितळातले डॉक्टर हाडाचं वय काढून देतात. कागदावर पंधरा आणि हाडात अठरा असले महाभाग दर वर्षी निघायचे. एक जण तर सकाळची दाढी करताना हनुवटी कापून घेऊन चाचणीला आला होता. कागद आणि हाड यांचं पटलं नाही तर हाड खरं, असा नियम होता. तो वीस वर्षांपूर्वी बाईनेच लिहून समितीच्या गळी उतरवला होता.

इस्पितळातून पाकिटं आली की बाई पोरांना बोळात ओळीने उभं करायची आणि यादी वाचायची. तू थांब. तू घरी जा. आवाज चढत नसे की उतरत नसे. चार महिने जास्त म्हणजे जास्त. एका मुलाची आई जिन्यात बसून हमसून हमसून रडली, तेव्हा बाईने तिला पाणी दिलं आणि पिऊन होताच ग्लास परत मागून घेतला. कचेरीत या ग्लासाची गोष्ट नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत.

कागदावरचा विश्वास बाईचा उडाला तो मात्र या नोकरीत नव्हे. ती गोष्ट घरातली.

बाईला थोरला भाऊ होता. सोळा महिन्यांनी मोठा. पायात चेंडू असला की शहाणा, नसला की टवाळ. सतरा वर्षं ओलांडल्यावर त्याला राष्ट्रीय संघात बोलावणं येण्याची चिन्हं दिसली, पण संघ होता सोळाच्या आतला. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, आणि जन्मदाखल्यांचे कोरे फॉर्म त्याच छापखान्यात छापले जात. माणूस हिशोबी. मनाला येईल ती तारीख घातली तर सरकारी नोंदवहीशी पडताळताना पकडले जाऊ, हे त्यांना कळत होतं. त्या घरात सोयीच्या तारखेला झालेला एक जन्म नोंदवहीत आयता होता. मुलीचा. कारकुनाला हाताशी धरून नोंदवहीत मुलगी होती तिथे मुलगा केला, आणि भावाचा दाखला तयार झाला.

आता मुलीचं काय? मुलीला वडिलांनी अकरा महिने पुढची एक तारीख दिली. एका आईची दोन मुलं त्याहून जवळ कशी दाखवणार? दोघं जुळी दाखवली असती तर कोणाचंच काही बिघडलं नसतं, पण हे वडिलांना सुचलं तीन वर्षांनी, दाढी करताना, आणि तेव्हा ते स्वतःच्याच डोक्यावर खूश होऊन मोठ्याने हसले.

तोवर व्हायचं ते झालं होतं. त्या साली शालान्त परीक्षेला बसायला पंधरा वर्षं पूर्ण लागत. मुलीला खरी पंधरा पूर्ण होऊन नऊ महिने झाले होते, नव्या कागदाने ती चौदाचीच राहिली. गणितात ती शाळेत पहिली यायची, आणि त्या वर्षी पहिल्या येणाऱ्या मुलीला राजधानीतल्या कॉलेजात जागा ठेवलेली होती. मुख्याध्यापिका स्वतः घरी आल्या. वडिलांनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, एका वर्षाने असं काय बिघडतंय. वर्षभर मुलीने घरी भांडी घासली. पुढल्या वर्षी ती परीक्षेला बसली, पहिली आलीही, पण ती जागा दर वर्षीची नव्हती. मग संध्याकाळचं कॉलेज, तेही गावातलं, गणित नसलेलं.

आणि भाऊ? भावाने त्याच वर्षी गोल मारला. संघाच्या इतिहासातला एकमेव विजय, एक-शून्य, आणि तो एक याचा. खरं सांगायचं तर मारला नाही, लागला. चेंडू चिखलातून आला, हा घसरून पडत होता, नडगीला लागून चेंडू आत गेला. बाईने पुढे शेऱ्याच्या रकान्यात तसंच लिहिलं: “नडगीला लागून.” ‘जोरदार फटका’ असं लिही म्हणून भाऊ तिच्या दहा वर्षं मागे लागला होता. तिने लिहिलं नाही.

त्याच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात त्या गोलाचा फोटो ट्यूबांच्या वर टांगलेला होता. पंक्चर काढायला आलेल्याला गोल ऐकावाच लागे. गल्लीत त्याला कोणी नावाने हाक मारत नसे. एक-शून्य, हवा भर रे. एक-शून्य, ब्रेक बघ. तो ओ द्यायचा, खुशीने. बाईलाही महासंघात नोकरी मिळाली ती एक-शून्यची बहीण म्हणून, हे तो तिला विसरू देत नसे.

वाढदिवसाचं तर विचारूच नका. तिच्या जन्मतारखेला त्याच्या घरी केक कापायचे, कारण आता ती त्याची तारीख होती. शेजारीपाजारी यायचे. ती दर वर्षी केक घेऊन जायची, टाळ्या वाजवायची आणि बशा विसळून घरी यायची. लग्न तिने केलं नाही. आई होती तोवर आईसोबत दोन खोल्यांत राहिली. आई गेली तेव्हा तिच्या पत्र्याच्या डब्यात सुया, बटणं आणि प्रसूतिगृहाचं एक पिवळं पडलेलं कार्ड सापडलं. तारीख. बाळ: मुलगी. खेप: दुसरी. पहिलं मूल: मुलगा, वय एक वर्ष चार महिने. वडिलांनी सगळे कागद जाळले होते. हा एक आईने त्यांच्या नकळत ठेवला होता. बाईने तो कचेरीतल्या टेबलाच्या खणात, शाईच्या ठोकळ्याखाली ठेवला. त्याचं काय करायचं हे तिने ठरवलं नव्हतं. पण अधूनमधून ठोकळा उचलून बघायची.

बाईच्या निवृत्तीला कागदाप्रमाणे दोन महिने उरले होते, तेव्हा भाच्याचं पाकीट आलं.

भाचा म्हणजे भावाच्या तीन मुलींनंतरचं शेंडेफळ. खेळायचा मात्र बापापेक्षा कितीतरी सरस. दोन्ही पायांनी मारायचा आणि मारताना मान वर असायची. प्रशिक्षक म्हणायचा, हा पोरगा असला तर आपण एखादा सामना जिंकू. असलं वाक्य त्या इमारतीत त्रेचाळीस वर्षांत कोणी उच्चारलं नव्हतं. पात्रता फेरी महिन्यावर होती. पाकिटात डॉक्टरांनी लिहिलं होतं: हाडाचं वय सोळा वर्षं सात महिने.

पोरगा पंधरा वर्षं आठ महिन्यांचा होता. हे बाईइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. त्याचा बाप दुकानात होता, तेव्हा प्रसूतीच्या खोलीत ती उभी होती. दायीने नाळ कापून मूल पहिल्यांदा तिच्या हातात दिलं होतं, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. वेळ तिनेच बघितली. बघितल्याशिवाय तिला राहवत नसे. काही मुलांची हाडं अंगापेक्षा घाईची असतात, हेही तिला डॉक्टरांनी कधीतरी सांगितलेलं होतं.

तिने यादी वाचली. दोन जणांना थांब म्हटलं, तिसऱ्याला घरी जा म्हटलं, चौथा भाचा होता.

“तू घरी जा,” ती म्हणाली.

बोळ रिकामा झाला तरी पोरगा भिंतीला टेकून उभा. बूट गळ्यात, नाड्यांनी बांधलेले. मग खोलीत आला आणि टेबलासमोर उभा राहिला.

“आत्या, मी किती वर्षांचा आहे गं?”

तिने पाकीट उघडून कागद पुन्हा बघितला, जसं काही तिला आठवत नव्हतं.

“सोळा वर्षं सात महिने,” ती म्हणाली.

पोरगा वळला. जाताना दार मात्र हळूच लावून गेला, आणि तेच बाईला खटकलं. आपटून गेला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सचिव स्वतः जिना उतरून खाली आले. सचिव म्हणजे गुळगुळीत माणूस, समोरच्याला नेहमी बसतं करून बोलणारा. पोरगा त्यांना हवा होता. एक-शून्यचा मुलगा संघात, हे वर्तमानपत्रांना आवडलं असतं. त्यांनी बाईला तिच्याच नियमातलं पोटकलम दाखवलं: जन्माचा प्रत्यक्ष साक्षीदार लेखी साक्ष देत असेल तर दुसऱ्या इस्पितळात फेरतपासणी करावी. हे कलम समितीने तेव्हा हट्टाने घालायला लावलं होतं, आणि वीस वर्षांत बाईने एकही साक्षीदार टिकू दिला नव्हता. तुम्ही होतात ना हजर, सचिव म्हणाले. मग एक ओळ लिहा. जन्म माझ्यासमोर झाला. खाली मी सही करतो.

बाई म्हणाली, नात्यातल्याची साक्ष चालत नाही. सचिव म्हणाले, असं नियमात कुठे लिहिलंय? बाई म्हणाली, मी इतकी वर्षं तसंच चालवलंय. सचिव उठले आणि खुर्चीचा हात थोपटून निघून गेले.

तिने हे तत्त्वासाठी केलं असं कचेरीतल्या काहींना वाटलं. तत्त्व होतंच; ज्या शेकडो पोरांना तिने बोळातून परत पाठवलं, ती सगळी तिच्या पाठीशी उभी होती, असं म्हणायला हरकत नाही. पण माणसाच्या मनात तत्त्व एकटं राहत नाही. त्रेचाळीस वर्षं दुसऱ्याच्या घरी आपल्या वाढदिवसाच्या बशा विसळल्यावर हातात एक ओळ आली होती, आणि ती न लिहिण्यात तिला मजा येत होती. हेही खरं होतं, आणि तिला ते कळत होतं.

तिसऱ्या दिवशी भाऊ आला. हाताला ग्रीस, धुवायलाही थांबला नव्हता. आधी गोडीत घेतलं. छोटे, पोराने दोन दिवस ताट लावून घेतलं नाही, आईशी बोलत नाही, बूट माळ्यावर टाकलेत. त्याचा कागद खरा आहे, एकदम खरा, तुझ्याइतकं कोण जाणतं? तू नुसतं लिही.

ती म्हणाली, कागद खरा असतो हे या घराने कोणाला सांगू नये.

तिथून तो बिघडला. म्हणाला, एवढी मोठी झालीस ती कोणाच्या जिवावर? माझा गोल नसता तर तुला या इमारतीत झाडू मारायलाही कोणी ठेवलं नसतं. ती लिहीत राहिली. तो म्हणाला, तारीख घेतली म्हणून पोरावर सूड काढतेस, तेही बापाने घेतली, मी नव्हे. तेही तिने जाऊ दिलं. मग तो दाराशी जाऊन वळला.

“आणि काय करणार होतीस गं त्या परीक्षेचं? शेवटी रकानेच भरलेस ना? ते असंही भरले असतेस.”

बाईने टोपण लावून पेन खाली ठेवलं.

“तुझा गोल मी पुसू शकते,” ती म्हणाली.

तो हसला. वडिलांसारखाच हसायचा, खांदे हलवून.

“कशाने? कागद कुठाय? बाबांनी एक चिटोरं ठेवलं नाही.”

तो गेल्यावर तिने शाईचा ठोकळा उचलला. अर्ज लिहायला तिला वीस मिनिटं लागली, कारण मसुदा इतकी वर्षं डोक्यात तयारच होता. सोबत कार्ड जोडलं, मूळ प्रत. नक्कल करून ठेवायचं तिला सुचलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना ‘मूळ प्रत जोडा’ म्हणत आलेली बाई. तिला ती जोडायचीच सवय.

त्या कार्डावर दोघांची वयं होती, हे तिला ठाऊक होतं. समितीने दोन्ही वाचली. भाऊ त्या सामन्याच्या दिवशी सतरा वर्षं एक महिन्याचा ठरला. वरच्या संघटनेकडे प्रकरण गेलं आणि निकाल फिरला: अपात्र खेळाडू खेळवल्याबद्दल शून्य-तीन. आणि बाई स्वतः खऱ्या तारखेने नऊ महिन्यांपूर्वीच निवृत्त व्हायला हवी होती, वर नोकरीला लागताना तिने खोटा दाखला दिलेला. तिला एका दुपारी खोलीची किल्ली देऊन जायला सांगितलं. निरोपाच्या चहासाठी बिस्किटं आणून ठेवली होती, ती शिपायाने वाटून टाकली.

जाण्याआधी शेवटची नोंद मात्र तिने स्वतःच केली. खेळले त्रेसष्ट, जिंकले शून्य, बरोबरीत नऊ, हरले चोपन्न. केलेले गोल एकवीस, खाल्लेले दोनशे चौदा. नडगीचा शेरा एका रेघेने खोडला. पट्टी लावून.

त्या एक-शून्यच्या सामन्यातल्या गोलकीपरने फोन केला होता. माणूस आता थकलेला, एका डोळ्याने दिसत नाही. त्याने त्या सामन्यात दोन गोल अडवले होते, आणि ते तरी राहिले का, एवढंच त्याला विचारायचं होतं. अडवलेल्या गोलांची नोंद आपण ठेवत नाही, असं तिने त्याला सांगितलं. समोरच्या देशाच्या महासंघाकडून आभाराचं पत्र आलं. परक्या मैदानावरचा तो त्यांचा पहिला विजय होता, त्रेचाळीस वर्षांनी का होईना.

गल्लीला कळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी एका पोराने दुकानासमोर सायकल उभी केली आणि साळसूद चेहऱ्याने म्हणाला, शून्य-तीन, हवा भर रे. भावाने त्याला पाना फेकून मारला. नेम चुकला. त्यावर गल्ली आणखीच हसली. महिन्याभरात ते नाव बसलं. हाक आली की तो वर न बघता पंप पुढे करायचा. फोटो खाली उतरवला होता, पण ट्यूबांच्या वर भिंतीचा चौकोन पांढरा राहिला होता, आणि येणारा प्रत्येक जण तिकडे बघायचा.

इथवर सगळं बाईच्या हिशोबाप्रमाणे झालं. चूक पुढे होती.

भाचा सोळाच्या आतल्या संघातून गेला होता, पण एकोणीसच्या आतल्या संघाला दोन वर्षांनी तो चालला असता. हाडाच्या वयानेही चालला असता. बाईने तेच धरून ठेवलं होतं मनाशी. दोन वर्षं काय, अशी निघून जातात. (वडिलांचंच वाक्य, जरा वेगळ्या शब्दांत. तिला ते ओळखू आलं नाही.) पण समितीला आता चेव चढला होता. वर्तमानपत्रांत नाचक्की झालेली, काहीतरी कडक करून दाखवणं भाग होतं. समितीने ठराव केला: ज्या कुटुंबात वयाची लबाडी सिद्ध झाली आहे, त्यातल्या कोणाचाही घरून आलेला दाखला ग्राह्य धरू नये. म्हणजे पोराला वयच उरलं नाही. हाडाचं वय कोऱ्या दाखल्याशी ताडून बघता येत नाही. कुठल्याच संघात, कुठल्याच वर्षी, त्याला उभं करता येईना.

हे कळलं त्या रात्री बाईला झोप लागली नाही, आणि सकाळी तिने ती ओळ लिहिली. जन्म माझ्यासमोर झाला. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. खाली सही. पोराला निरोप पाठवून कचेरीच्या दाराशी बोलावलं. तो आला, रिकाम्या गळ्याने.

वर खोलीत तिच्या जागी एक तरुण बाई बसली होती. हुशार होती, नखं स्वच्छ, रजिस्टर आखलेलं. मनगटबाईनेच तिला सहा महिने शिकवलं होतं. तिने ओळ वाचली, मग वहीतून समितीचा ठराव काढून बघितला आणि अदबीने म्हणाली की साक्षीदाराच्या स्वतःच्याच दोन जन्मतारखा असतील तर ती साक्ष धरता येत नाही.

“माझी खरी तारीख सिद्ध झालीय,” मनगटबाई म्हणाली. “तुमच्याच समितीपुढे.”

“हो ना. पण नोकरीला लागताना तुम्ही दुसरी सांगितली होती.” तरुण बाईने ओळ लिहिलेला कागद दोन बोटांनी पुढे सरकवला. “आणि बाई, नात्यातल्याची साक्ष आपण घेतच नाही. तुम्हीच शिकवलंत.”

तिचा आवाज चढला नव्हता की उतरला नव्हता.

बाई कागद घडी करून जिना उतरली. पोरगा मागोमाग. शेवटच्या पायरीवर ती कठड्याला टेकून उभी राहिली. पोरगा तिच्या बाजूला थांबला. तिचा हात धरावा की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं. त्याने तो धरला नाही.

“आत्या,” तो म्हणाला, “तू किती वर्षांची आहेस?”

“एकोणसाठ. परवा पूर्ण होतील.”

परवा म्हणजे बापाच्या घरी केकचा दिवस, हे त्याच्या लक्षात आलं असावं. मग त्याने अगदी तिच्यासारखं, सरळ, विचारलं:

“कागद आहे?”

कार्ड समितीच्या कपाटात जमा होतं. जमा झालेली मूळ प्रत परत देत नाहीत. तोही नियम तिचाच.

“नाही,” ती म्हणाली.

“मग घरी जा,” पोरगा म्हणाला, आणि रस्ता ओलांडून गेला.